रविवारचं कामगार मदत केंद्र, म्हापसा: वही घेऊन जा

मी फरशी बसवतो. गाव कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यात, पण बारा वर्षं झाली गोव्यात, म्हापशात भाड्याने राहतोय. आमच्या धंद्यात काम तपासायची एक रीत आहे. फरशी सुकली की रुपयाच्या नाण्याने टकटक करायची. घट्ट बसली असेल तर ठक्क वाजते, खाली माल कमी पडला असेल तर पोकळ. वरून कितीही चकचकीत दिसू दे. या केंद्रातही मी असाच गेलो, मनातल्या मनात नाणं हातात धरून. कामगारांच्या नावाने मंडप घालणारे आणि निवडणूक झाली की फोन न उचलणारे पुष्कळ पाहिलेत.

केंद्र म्हणजे बसस्टँडपासून चालत दहा मिनिटांवर, जुन्या घराच्या माडीवरची एक खोली. बाहेर बोर्ड नाही, जिन्याखालच्या चपला बघून ओळखायचं. दर रविवारी दुपारी तीन ते सहा. दोन टेबलं, एक कॉम्प्युटर, भिंतीवर मोफत कायदेशीर मदतीचा १५१०० हा नंबर, आणि चार पानं झाली की अडून बसणारा प्रिंटर. बसतात ते सगळे बिनपगारी. एक ताई आहेत, वकिली शिकलेल्या. आणि एक बाब (गोव्यात पुरुषाला आदराने असं म्हणतात), वय सत्तरीचं, हातात कायम चहाचा ग्लास.

माझं प्रकरण असं. शिवोलीत एका बंगल्याचं काम. १,२८० चौरस फूट, फुटाला ३० रुपये, म्हणजे ३८,४००. मधे ६,००० उचल घेतली होती, राहिले ३२,४००. ठेकेदार आधी 'शनिवारी देतो' म्हणत होता, मग 'पार्टीकडून आले नाहीत', मग फोनच बंद. एकदा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात समोरासमोर गाठला, तर म्हणाला, "तू माझा कामगार कुठला? तू पेटी ठेकेदार. जा कुठे जायचं तिथे." पेटी ठेकेदार म्हणजे मोठ्या ठेकेदाराकडून काम अंगावर घेणारा छोटा ठेकेदार.

दीड तास थांबून नंबर लागला. मी रागाने सगळी कहाणी सांगायला लागलो. ताईंनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वही आहे?" वही नव्हती. हिशेब मी फरशीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहितो. "मग पुठ्ठा आहे?" पुठ्ठा होता, पिशवीतच होता, कारण काम करताना तोच गुडघ्याखाली घेतो. काढून टेबलावर ठेवला. मधले आकडे गुडघ्याने पुसून गेलेले, कडेला सिमेंट. मला लाज वाटली. ताईंनी तो खिडकीशी नेला, तिरका धरला आणि पेन्सिलीच्या खुणांवरून तारखा वाचून कागदावर उतरवायला लागल्या. अकरा दिवसांच्या तारखा मिळाल्या. बाकीच्या मोबाइलमधल्या फोटोंवरून लागल्या. आम्ही रोजचं काम संपलं की बाथरूमचा फोटो मारतो ना, त्यावर तारीख असते.

मग प्रश्न. फरशी कोणाची? बंगलेवाल्याची. सिमेंट, फटीत भरायचं ग्राउट? ठेकेदाराचं. कधी यायचं, कधी जायचं हे कोण ठरवायचं? ठेकेदाराचा सुपरवायझर. हाताखाली पोरगा कोणी दिला? त्यानेच. "मग पेटी ठेकेदार कसला? फुटावर मजुरी घेतली म्हणून कोणी ठेकेदार होत नाही," ताई म्हणाल्या. त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत असं: २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यातल्या वेतन संहितेत फुटावर, नगावर काम करणाराही कामगारच. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ज्याची आस्थापना आहे त्या मूळ मालकाने ती द्यायची. आणि दावा करायला तीन वर्षांची मुदत. जुन्या किमान वेतन कायद्यात ती सहा महिने होती. सहा महिने आमच्याकडे 'शनिवारी देतो' यातच जातात.

मजुरीच्या दाव्याचा सरकारी अर्ज मराठीत लिहिला. मला वाटत होतं की गोव्यात कोकणी नाहीतर इंग्रजीच लागेल. तर १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा असली तरी सरकारी कामात मराठीही चालते. बारा वर्षं राहून हे मला माहीत नव्हतं. अर्ज ताईंनी लिहून दिला नाही, माझ्याकडून लिहून घेतला. तीनदा. पहिल्यात मी ठेकेदाराला चोर लिहिलं होतं, ते काढायला लावलं. तेव्हा रागच आला. चोराला चोर म्हणायचं नाही तर काय शेठ म्हणायचं?

माझ्या आधी झारखंडचा एक पोरगा बसला होता, त्याचंही पैशाचंच. मी बाहेर येऊन बाबांना म्हटलं, या भैया लोकांनी रेट पाडले म्हणून आमची ही गत. बाबांनी चहा संपवला. म्हणाले, "तू घाटावरून आला म्हणून इथले तुला घाटी म्हणतात. मी कुवेतात चौदा वर्षं होतो, तिथे माझं नाव हिंदी, म्हणजे हिंदुस्तानी. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. बस, तुझं रेशन कार्ड दाखव." मी गप्प बसलो. रेट पाडल्याचं माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही, पण त्या पोराला २२ रुपये फुटाने कबूल करून १८ ने दिले होते, हेही तिथेच कळलं.

रेशनचं काम सगळ्यात चोख झालं. एक देश एक रेशन कार्ड योजनेत महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही १ जानेवारी २०२० पासूनच आहेत, म्हणजे गावच्या कार्डावरचं धान्य इथेही उचलता येतं. घरच्यांनी गावात उचलायचं, आपल्या वाट्याचं आपण इथे. पण माझं अडलं अंगठ्याला. सिमेंटने अंगठ्याच्या रेषाच खाल्ल्यात. मशीनवर दाबला की नापास. दुकानदार म्हणायचा, "तुमचा नाय येत." बाब स्वतः सोबत आले, आधी लिंबू लावून हात धुवायला लावला, मग एकेक करून दहाही बोटं लावून पाहिली. डाव्या हाताची करंगळी चालली! आता दर महिन्याला करंगळीवर तांदूळ आणतो. ई-श्रमची, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंदणीही तिथेच फुकट झाली. एका कॅफेवाल्याने त्याचेच १५० मागितले होते.

आता पोकळ कुठे वाजतं तेही सांगतो.

फुकट म्हणतात, पण दाव्याची सुनावणी कामाच्या दिवशी असते. दोन खेपा गेल्या, दोन रोज बुडाले, १,१०० प्रमाणे २,२०० गेले. पहिल्या खेपेला ठेकेदार आलाच नाही. हे आधी स्पष्ट सांगायला हवं होतं. दुसरं, तिथे गेलात की तुम्हाला महिन्याच्या बैठकीला बोलावतात आणि ती बैठक लांबते. इतकी की एकदा रस-आमलेटचा गाडा बंद झाल्यावर सुटलो. तिसरं, बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर कापला जातो तो आमच्यासाठी, हे ऐकून मी उडालोच. किती बंगल्यांच्या फरशा मी बसवल्या असतील! वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस काम, दोन्हीत मी बसतो. पण ९० दिवसांचा दाखला आणायचा कोणाकडून? ज्याच्यावर अर्ज केला त्याच्याकडून? यावर केंद्राकडे अजून धड उत्तर नाही. तीन रविवार "बघू" चाललंय.

पैशाचं काय झालं? बंगल्याच्या मालकालाही नोटीस गेली आणि तिथून चक्रं फिरली. त्याने ठेकेदाराला काय सांगितलं देव जाणे, पण दुसऱ्या तारखेला ठेकेदार चेक घेऊन हजर. आधी १५,०००, मग पंधरा दिवसांनी १२,०००. एकूण २७,०००. बाकी ५,४०० त्याने 'फरशी फुटली' म्हणून कापले. एकही फुटली नव्हती, फोटो आहेत. ताईंचं म्हणणं, पूर्ण घेतल्याशिवाय सही करू नको. मी २७,००० मिळाल्याची सही केली, 'हिशेब पूर्ण' या ओळीवर मात्र काट मारली, तीही त्यांनीच दाखवली म्हणून. गणपतीला गावी जायचं होतं, पोराची फी होती. ताई थोड्या नाराज झाल्या, पण पुढच्या रविवारी पहिल्यासारख्याच बोलल्या.

जाणार असाल तर अडीचलाच जाऊन चपला काढून बसा, चारनंतर नंबर लागत नाही. आधार, रेशन कार्ड आणि त्यांच्या झेरॉक्स आधीच काढून न्या, प्रिंटरच्या भरवशावर राहू नका. आणि वही न्या, दहा रुपयांची मिळते. माझ्या वहीत पहिल्या पानावर ५,४०० लिहिलेत, ठेकेदाराचं नाव आणि तारखेसकट. पुठ्ठा ताईंनी मागून घेतला, फाइलला लावलाय. त्यामुळे गुडघ्याखाली घ्यायला आता नवीन शोधावा लागला.

पाचपैकी चार. प्रिंटर नीट केला तर साडेचार.