ओरिजिनल टाकू की लोकल? कोकणातल्या गाडीसाठी स्पेअर पार्टचा हिशोब

बोनेट उघडं, हात ग्रीसने माखलेले, आणि गॅरेजवाला विचारतो, "ओरिजिनल टाकू की लोकल?" आपण दोनातलं एक निवडायला लागतो, पण दुकानात माल तीन तऱ्हेचा असतो. गाडीच्या कंपनीच्या डब्यातला, पार्ट बनवणाऱ्याच्या स्वतःच्या डब्यातला आणि नाव कधी न ऐकलेला स्वस्त. मधल्याची आठवण गॅरेजात सहसा कुणी करून देत नाही. बॉश, गॅब्रिएल, राणे, लुमॅक्स ही मंडळी गाडीवाल्या कंपन्यांनाही माल पुरवतात आणि स्वतःच्या नावानेही विकतात. माझा कल बहुतेक वेळा या मधल्या डब्याकडे असतो. (नामांकित डब्यात भरलेला डुप्लिकेट हा चौथा प्रकार. त्याला फसवणूकच म्हणायचं.)

ब्रेकच्या बाबतीत मी एकदा लोकलचा मोह केला. कोल्हापूरहून रत्नागिरीला येताना आंबा घाटात करपल्याचा वास सुटला. पेडल घट्ट, पाय पूर्ण जोरात, आणि गाडी आपली उतारावर सरकतेच आहे. दुसऱ्या गिअरवर कशीबशी साखरप्यापर्यंत आणली. मिस्त्रीने चाक काढून पॅड हातात दिला तर वरचा थर काचेसारखा गुळगुळीत चकाकत होता. शहरातल्या सिग्नलला हाच पॅड कदाचित वर्षभर चालला असता. घाट उतरणाऱ्याने मात्र इथे पैसे वाचवू नयेत.

ब्रेक ऑइलचंही तसंच. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. आपल्याकडे पावसाळ्यात बंद कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते, तिथे गॅरेजातल्या अर्धवट उघड्या बाटलीत काय होत असेल ते बघा. चांगल्या कंपनीची छोटी सीलबंद बाटली घ्या, ती समोर फोडून घ्या आणि दोन वर्षांनी ऑइल बदला.

क्लच प्लेटमध्ये पार्टच्या किमतीपेक्षा मजुरी बघा. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय ती बदलता येत नाही. स्वस्त प्लेट वर्षभरात घसरली की तीच मजुरी पुन्हा मोजायची. व्हील बेअरिंगचा न्यायही हाच.

एअर फिल्टर लोकल चालतो, पण कडेचं रबर दाबून बघा. ते खाचेत नीट बसलं नाही तर मे महिन्यातली जांभ्याची लाल धूळ फटीतून थेट इंजिनात जाते. एसीचा फिल्टर मात्र बिनधास्त स्वस्त घ्या, फक्त पावसाळ्याआधी एक आणि नंतर एक. वायपर कोणताही घ्या, पण एप्रिलच्या सेलमध्ये लावून ठेवू नका. उन्हात रबर कडक होतो आणि जूनच्या पहिल्या सरीला काचेवर रेघा ओढतो.

सायलेन्सर आणि पत्र्याचे पार्ट यांचं उत्तर गाडीच्या वयावर आहे. हर्णै-मालवणसारख्या ठिकाणी दारातच समुद्र. खारी हवा पातळ पत्रा आणि हलका प्रायमर लवकर खाते. गाडी अजून सात-आठ वर्षं वापरायची असेल तर चांगला घ्या. बारा वर्षांच्या गाडीला लोकल सायलेन्सर लावला तर मी तुम्हाला वेड्यात काढणार नाही.

राहिला प्रश्न मिळण्याचा. छोट्या गावात कंपनीचा पार्ट मागवावा लागतो आणि लोकल समोर फळीवर असतो. गणपती दोन दिवसांवर आले असतील तर लिंक रॉड (चाकाजवळची सस्पेन्शनची छोटी दांडी) लोकल टाका, आरतीला पोचा, नंतर सवडीने बदला. ब्रेकला ही सवलत नाही.

घेताना पक्कं बिल मागा आणि डब्यावरचा पार्ट नंबर बिलावर लिहून घ्या. जुना पार्टही घरी आणा. नवा शेजारी ठेवून वजन आणि कडांचं फिनिशिंग बघितलं की डुप्लिकेट बऱ्याचदा तिथेच उघडा पडतो. गॅरेजवाला जुना द्यायला कुरकुरला तर समजा, तो बदललाच नसेल.