"किती वाजता जळाला?" नागपुरातल्या जळीत रुग्णालयात 33 दिवस

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, बिलाचं भांडण अजून मिटायचं आहे. नागपुरातलं खाजगी, फक्त जळीताचे पेशंट घेणारं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका. पेशंट माझ्या दिराचा पोरगा, वय 24. फेब्रुवारीत पऱ्हाटीच्या ढिगावर डिझेल टाकून काडी लावली अन् भडका अंगावर आला.

दारात डॉक्टरांनी आधी पैशाचं नाही विचारलं. "किती वाजता जळाला?" अकराला. तेव्हा चार वाजले होते. "मधात सलाईन किती गेलं?" अर्ध्या लिटरची एक बाटली. तालुक्याच्या दवाखान्यात पोलिसांचा कागद होईपर्यंत आम्हाला बसवून ठेवलं होतं. डॉक्टर गप्प झाले, मग केसपेपरच्या मागेच त्यांनी हिशोब मांडला. वजन 58 किलो, जळालेलं 36 टक्के, त्याला चारने गुणा. 24 तासांत आठ लिटरच्या वर पाणी, त्यातलं अर्धं पहिल्या आठ तासांत. अन् हे आठ तास जळाल्यापासून मोजायचे, दवाखान्यात पाय ठेवल्यापासून नाही. म्हणजे आमच्या हातात तीनच उरले होते. नंतर सिस्टर दर तासाला लघवी किती उतरली ते लिहायची अन् त्यावरून सलाईनचा वेग कमीजास्त करायची. रात्री तीन वाजता ती पिशवी उजेडाला धरून मोजताना दिसली, तेव्हा माझा या लोकांवर भरवसा बसला.

टक्के ते अंगाच्या वाट्यांनी काढतात. दोन्ही पायांची पुढची बाजू 18, पोट 9, उजवा हात 9. मग त्यात वय मिळवायचं. आमचे 60 झाले. बेरीज जितकी मोठी तितका धोका. शेजारच्या खाटेवर चुलीवर पदर पेटलेली 68 वर्षांची आजी होती, जळालेली 30 टक्केच, आमच्यापेक्षा कमी. बेरीज 98. जखमेतलं इन्फेक्शन रक्तात गेलं, नवव्या दिवशी ती गेली. पलीकडे एक माणूस बंद खोलीत सापडलेला, कातडी फारशी जळाली नव्हती, पण नाकात काजळी, आवाज बसलेला. त्याला आल्याबरोबर घशात नळी टाकली. धूर छातीत गेला असेल तर बेरजेत आणखी 17 धरतात म्हणे. आमचं पोरगं उघड्या वावरात होतं, एवढं नशीब.

दुसरं नशीब लाईटचं. त्या आठवड्यात शेतीची लाईन दिवसपाळीची होती, मोटर सुरू होती. सालदाराने त्याला पाइपाखाली वीस मिनिटं बसवलं. डॉक्टर त्या सालदाराचं कौतुक करत होते. आमचं मात्र नाही. ओल्या चादरीत गुंडाळून, खिडक्या उघड्या ठेवून आम्ही त्याला आणलं, पोरगं दातावर दात वाजवत होतं. एवढं जळालेल्याचं अंग लवकर गार पडतं. पाणी ओतून झालं की कोरडी स्वच्छ चादर घाला, असं बजावलं. मोठ्या जाऊबाईंनी हळद लावली होती, ती धुवून काढताना त्याने जो आवाज केला तो मी इथे लिहीत नाही.

चौथ्या दिवशी ऑपरेशन. खोल भाजलेली मेलेली कातडी काढली अन् मांडीच्या मागची कातडी तिथे बसवली. मेलेली कातडी तशीच राहिली की त्यात जंतू पोसतात. वॉर्डात एकालाच सोडत, तेही गाऊन, टोपी, हात धुऊन. आमच्या गावचे सात जण जीप करून आले अन् काचेतून पाहून गेले. "काऊन बा, जेल हाय का हे?" म्हणे. मला तो नियम पटला.

जेवणाचं मात्र पार वाटोळं. आहारवाल्या मॅडम कागदावर सहा अंडी, दूध, पनीर लिहून जात, ताटात यायचं पिवळं पाणी अन् भात. जखम भरायला शरीर आतून प्रोटीन खातं. पोरगं 58 वरून 51 वर आलं. मी रोज लेकरांची वजनं करणारी बाई, मला कोण शिकवते? घरात माळ आहे, तरी गेटबाहेरच्या टपरीवरून अंडी उकडून आणली, त्याच्या आजीला सांगितलं नाही.

बिलाचं असं की जखमेवर लावायच्या पातळ पापुद्र्याची किंमत लावून झाल्यावर सांगितली. महात्मा फुले योजनेच्या कागदासाठी चार दिवस या खिडकीतून त्या खिडकीत. कार्ड पहिल्या दिवशीच द्या. व्यायाम शिकवणारा आठवड्यातून तीनदाच यायचा, त्यामुळे कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही.

आता वण दबून राहावा म्हणून घट्ट पोशाख दिलाय, दिवसाचे 23 तास घालायचा. मे महिन्यात, यवतमाळात! रात्री काढून फेकतो. उजवी बाही सैल निघाली, मंगळवारी बदलायला जातोय. कुणी जाणार असाल तर कँटीनचा चहा नका घेऊ, टपरीवाला चांगला आहे, उकडलेली अंडी सकाळी सातपासून मिळतात.