घरातला दाता की प्रतीक्षायादी?
सोलापुरात डायलिसिसच्या खोलीबाहेर मांडीवर डबा धरून बसलेल्या नातेवाइकांपुढे दोन वाटा असतात. मृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी प्रतीक्षायादीत नाव नोंदवले, तर घरात दुसऱ्या कुणावर शस्त्रक्रिया होत नाही. मात्र फोन कधी येईल याचा नेम नसतो. जिवंत दात्याचे मूत्रपिंड ठरवून बसवता येते, बहुधा लगेच काम करू लागते आणि सरासरीने अधिक वर्षे टिकते. अवयव प्रत्यारोपण कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीमुळे आजी-आजोबा व नातवंडेही जवळच्या नातेवाइकांत मोडतात. मित्र किंवा भाचा पुढे आला, तर अशा दानाची छाननी करणाऱ्या प्राधिकार समितीची मंजुरी लागते. रक्तगट जुळला नाही, तर दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदलही करता येते. माझा कल जिवंत दात्याकडे आहे; पण आई किंवा पत्नी (बहुधा बाईच पुढे होते) मनापासून तयार आहे का, हे तिला एकटीला विचारावे आणि तोवर यादीतले नाव राहू द्यावे.