चटणीसाठी झिपवाला उभा पाऊच घ्यावा का साधा चपटा?

मार्च लागला, गच्चीवर मिरच्या वाळत पडल्या की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "यंदा आम्हीपण कांदा-लसूण चटणी विकायला काढतोय, पाऊच कुठला घेऊ?" तेच तेच सांगून दमलोय, म्हणून एकदा लिहूनच टाकतो. मी काय पॅकेजिंगमधला माणूस नाही, घरची चटणी आणि थोडे सुके मसाले विकतो, सीझनला हात पुरत नाहीत आणि बाकी वर्षभर रडतखडत चालतं. त्यामुळं पुढचं सगळं चटणीपुरतं धरा. गूळ पावडर, काजू, पोहे असलं काही भरणार असाल तर गणित वेगळं निघू शकतं.

आपल्यासारख्याला खरा पेच दोनातच पडतो. एक, खाली बूड असलेला, उभा राहणारा, झिपवाला. दुसरा चपटा, तीन बाजू सील होऊन आलेला, माल भरून चौथी बाजू आपण मारायची. वेफर्सच्या पुड्यासारखा पाठीला मधोमध जोड असलेला तिसरा प्रकार आहे, पण तो बहुतेक मोठ्या मशीनवर, फिल्मच्या रोलपासूनच बनतो. फिल्म मशीनच्या कॉलरवरून खाली उतरते, तिचं नळकांडं होतं, उभा सील, आडवा सील, माल पडला, कट. तेवढा माल निघत असेल तर तुम्ही हे वाचत बसणार नाही. त्यातलेच तयार मिळणारे, बाजूला घडी असलेले पाऊच मी एकदा आणले होते. त्याला तोंडाशी कडेला चार पदर येतात आणि मधे दोन, हातानं सील मारताना जिथं चाराचे दोन होतात नेमकी तिथं बारीक फट राहते आणि चटणीच्या तेलाला तेवढी वाट बास होते. एका खेपेतच हात जोडले.

मटेरियल दोन्हीला एकच घ्या, तिथं झिप आहे का नाही याचा काही संबंध नाही. वरून १२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक, मधे १२ चं मेटलाइज्ड पीईटी, म्हणजे त्यालाच ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा, आत ७५ च्या आसपास पॉली, म्हणजे पॉलिथिन. होलसेलवाला नुसतं "शंभर मायक्रॉन आहे ओ" म्हणतो, तर त्याला विचारायचं की त्यातली पॉली किती, कारण सील पॉलीचा पॉलीला होतो, वरच्या दोन थरांचा त्यात काही हात नाही. बल्बसमोर धरून बघा, बल्ब पुसट दिसला तर मेटलाइज्ड, काहीच दिसलं नाही तर खरा ॲल्युमिनियम फॉइल. फॉइल भारीच असतो, हवा आणि ओल दोन्ही जास्त अडवतो, पण घडी पडून पडून त्याला सुईच्या टोकाएवढी भोकं पडू शकतात आणि किंमत तर आहेच. माझा माल चार महिन्यांच्या आत खपतो, मला मेटलाइज्ड पुरतं.

आणि गठ्ठा फोडला की आधी नाक आत घाला. हे थर गोंदानं एकमेकांना चिकटवलेले असतात आणि चिकटवल्यावर एक-दोन दिवस नीट मुरू द्यावे लागतात, ऑर्डरच्या घाईत ते उरकलं की थिनरसारखा वास राहतो. मी एक लॉट तसाच घेतला होता, म्हटलं उडून जाईल वास. वास गेला, पण दीड महिन्यानं पाऊचाला आतून फुगे धरले आणि कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे थर सुटायला लागले. लवंग-दालचिनीचं तेल साधंसुधं नसतं, कच्चा गोंद त्याच्यापुढं टिकत नाही. होलसेलवाला म्हणाला तुमच्या मसाल्यातच काहीतरी आहे. आहेच की, मसालाच आहे त्यात.

पारदर्शक खिडकीच्या मोहात मात्र पडू नका, पाऊच कुठलाही घ्या. आपल्याला वाटतं लालभडक रंग दिसला की गिऱ्हाईक हात घालेल. ब्याडगी घालून मुद्दाम रंग आणलेली चटणी मी खिडकीवाल्या पाऊचात भरून आमच्या कोल्हापुरातल्या महाद्वार रोडच्या एका दुकानात ठेवली होती, पुढच्या फळीवर, दुपारचं ऊन थेट त्यावर. महिन्यानं गेलो तर खिडकीपुरता चौकोन विटकरी पडलेला आणि पाकीट फोडून बघितलं तर मागची चटणी तशीच लाल. मिरचीचा रंग उजेडानं आणि हवेनं उडतो हे घरात सगळ्यांना माहिती असतं, आजी बरणी फडताळात आत का ठेवायची मग. २०१८ ला राज्यात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा घाबरून मी ब्राऊन पेपरचे पाऊचपण आणले होते. दिसायला एक नंबर, पण आत प्लॅस्टिकचाच थर, आणि भरताना तेलकट बोट लागलं की बाहेरच्या कागदावर डाग, तो काय जात नाही. ते पाऊच धने पावडरला संपवले.

आता मूळ मुद्दा.

झिपवाल्या उभ्या पाऊचचं कौतुक करण्यासारखं आहे आणि मी ते करतो. ह्या बुडाची कल्पना १९६० च्या दशकात फ्रान्समधल्या लुई दोयां नावाच्या माणसानं काढली, त्याच्या नावावरूनच अजून डॉयपॅक म्हणतात, आणि माणसानं काम चोख केलंय. दुकानात पाकीट छाती काढून उभं राहतं. अंबाबाईच्या दर्शनाला आलेली बाहेरगावची माणसं दोन-तीन पाकिटं उचलून बघतात, त्यात चपटं पाकीट आडवं पडलेलं असेल तर त्याला कोण विचारतंय. दुकानदारालापण तेच पाहिजे असतं. चपट्याला वरती भोक पाडून खिळ्याला अडकवता येतं, पण मग ते चिंगम आणि शाम्पूच्या पुड्यांत जाऊन बसतं आणि आपली चटणी स्वस्तातली वाटायला लागते. हे मी नाकारत नाही. पहिली दोन वर्षं मी झिपवालाच वापरला आणि विक्री चांगली झाली.

माझं मन फिरवलं ते त्या झिपनंच.

आपली कोल्हापुरी चटणी म्हणजे नुसती मिरची पावडर नव्हे. खोबरं, तीळ, तेलात तळलेला कांदा-लसूण, कांडपावरून येते तेव्हा मूठ वळली तर वळते. ती झिपच्या तोंडातून चमच्यानं सोडा नाहीतर नरसाळ्यानं, थोडी तरी खाचेत बसतेच. आणि हीट सील कुठं मारायचा, तर झिपच्या वर, म्हणजे जिथून सगळा माल घासून खाली गेलाय त्याच पट्टीवर. सीझनला रात्री साडेअकराला आम्ही घरातले चौघं स्वयंपाकघरात बसलोय, एक जण भरतोय, एक जण काट्यावर, आणि दोघं नुसते कोरड्या फडक्याचं टोक बोटाला गुंडाळून प्रत्येक पाकिटाची झिप आतून पुसतायत, शिंका देत. पन्नास पाकिटं झाली की बोटांची आग होते, तो हात चुकून डोळ्याला लागला तर विचारू नका. आई एकदा म्हणाली, चटणी करायला एवढा वेळ लागला नाही जेवढा तुमची झिप पुसायला लागतोय.

एवढं पुसूनसुद्धा गिऱ्हाइकाकडं काय होतं ते मला राजारामपुरीतल्या एका मावशींच्या घरी कळलं. दरवर्षीच्या गिऱ्हाईक आहेत, पावसाळ्यात फोन आला की चटणीला गुठळ्या झाल्यात. मी गेलो. त्यांनी कपाटातून पाकीट काढलं तर त्याला वरती कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला, निळा. म्हटलं मावशी झिप आहे की त्याला. त्या म्हणाल्या, "आहे रे बाबा, पण ती लागत्या कुठं." आणि मला दाखवलं. एका कडेनं दाबत आल्या, टक टक टक, आणि मधे जिथं खाचेत तिळाचा कण बसला होता तिथं टक वाजलंच नाही. वरून बघितलं तर बंद. फुंकर घातली की हवा आत. आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट तुम्हाला माहितीच आहे, मीठ बरणीतल्या बरणीत पाणी सोडतं. मी झिपचे पैसे दिले होते आणि बंद केलं होतं चिमट्यानं.

त्यानंतर मला सवयच लागली, कुणाच्या घरी माझं पाकीट दिसलं की विचारायचो, झिप वापरता का? निम्म्याहून जास्त लोकांनी जे सांगितलं ते मला आधीच सुचायला पाहिजे होतं. कोल्हापुरात चटणी पाकिटातनं कोण खातंय. पाकीट आणलं की कात्रीनं टोक कापायचं, बरणीत ओतायचं, पाकीट कचऱ्यात. म्हणजे झिप पहिल्याच दिवशी रिटायर. कोपरा कापून ओतायला तर चपटाच बरा, बुडाच्या घडीत चटणी अडकत नाही, उभ्या पाऊचात चमचाभर तरी खाली राहते आणि बायका ते झटकून झटकून काढतात.

आणि न फोडलेल्या पाकिटाला झिपचा उपयोग शून्य असतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, पुण्याला जायची पार्सलं माझ्याकडंच पडून राहिली आणि वर सगळीकडं ओल, भिंती हिरव्या. त्यात झिपवाली होती, नमुन्याला म्हणून भरलेली थोडी चपटीपण होती. पुढं महिन्यानं दोन्ही फोडून बघितली, दोन्ही ठणठणीत. म्हणजे काम करतो तो वरचा सील. ते काय लॅबमधलं टेस्टिंग नव्हे, पण मला तेवढं बास झालं.

पैशाचं सांगायचं तर अर्धा किलोला मला झिपवाला साधारण ५ रुपयांना पडत होता आणि चपटा अडीचच्या आत, बिनछपाईचा, मी जेवढे घेतो तेवढ्याला. तुम्हाला वेगळा पडेल, पण दुपटीचा फरक बहुतेक राहील. कुरिअरमध्ये चपटी पाकिटं पत्त्याच्या डावासारखी एकावर एक बसतात, उभी असली की बूड फुगलेलं आणि डोकं बारीक, मग एक उलटं एक सुलटं असं रचत बसायचं.

छपाईबद्दल थोडक्यात. ग्रॅव्ह्युअर छपाईला प्रत्येक रंगाला एक सिलिंडर कोरून घ्यावा लागतो आणि माल शेकडो किलोंनी घ्यावा लागतो, ती छपाई वरच्या थराच्या आतून उलटी मारलेली असते म्हणून नखानं खरवडली तरी जात नाही, दिसतेही झकास. पण पहिल्या वर्षी नको. माझ्या एका मित्रानं हौसेनं छापून घेतले आणि सहा महिन्यांत मोबाईल नंबर बदलला, अजून त्याच्या माळ्यावर पोती आहेत. साधा चंदेरी पाऊच आणि स्टिकर, फक्त स्टिकर आधी लावा आणि चटणी नंतर भरा. उलटं केलं की तेलकट पाऊचावर तो दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातनं उचलतो.

चपट्याचं पण एक दुखणं आहे, ते लपवत नाही. त्याचं तोंड मोठं असतं आणि माणूस काठोकाठ भरतो. वरती किमान दोन बोटं जागा सोडा, भरताना तोंडाला जाड कागदाची गुंडाळी लावा म्हणजे सीलची पट्टी कोरडी राहते, माल आत गेला की ती वर ओढून काढायची. चटणी गरम असताना अजिबात भरू नका, आतून घाम धरतो. स्वस्तातलं हातानं दाबायचं मशीन तीन थरांना कधी कधी कमी पडतं, सील झालाय असं वाटतं आणि दोन्ही हातांनी ओढलं की उघडतो, म्हणून दर वीस पाकिटांमागं एक ओढून बघायचंच. आतली पॉली मेटॅलोसीन नावाच्या जातीची मिळाली तर घ्या, थोडं तेल-पूड मधे आलं तरी ती सील धरते, पैसे जरा जास्त घेतात.

बाकी दोन्हीतला कुठलाच पाऊच भंगारवाला घेत नाही, वेगवेगळ्या जातीचे थर चिकटलेले, सुटे कोण करणार. तिथं दोघंही सारखेच नापास.

तर कुणी काय घ्यावं. तुमचं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत रूम करून राहणारी पोरं असतील, ज्यांच्याकडं बरणीच नाही, किंवा माल दुकानाच्या फळीवर अनोळखी माणसांसमोरच विकायचा असेल, तर शंभर-दोनशे ग्रॅमचा झिपवाला घ्यायला हरकत नाही, मीपण महाद्वार रोडसाठी तेवढा अजून ठेवलाय. कोरडी मिरची पूड, हळद असली तरी झिप बऱ्यापैकी चालते. पण अर्धा किलो, किलो, घरगुती गिऱ्हाईक, तेलाची चटणी, असं असेल तर माझं मत तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. तुम्ही आधी पन्नास-पन्नास दोन्ही आणा, रात्री बसून स्वतः भरा, मग ठरवा.

माझ्याकडं मोठ्या झिपवाल्यांचा एक गठ्ठा उरला होता, बायकोनं स्वयंपाकघरात नेला. तमालपत्र, सुकी आमसुलं, पोराच्या शर्टाची बटणं, रबरबँड, सगळं त्यात. तिथं झिप काय मस्त लागते, टक टक टक, एका दमात.