ब्लू-बॉट घेण्याआधी एक कार्डशीट आणा

ब्लू-बॉट हा लहान मुलांना कोडिंगची ओळख करून देणारा, टीटीएस या ब्रिटिश कंपनीचा पारदर्शक पाठीचा छोटा रोबो. पाठीवर बाणांची चार बटणं, शिवाय थांबा, गो आणि आज्ञा पुसायची फुली. एका आज्ञेत तो 15 सेंमी सरकतो, नाहीतर जागच्या जागी 90 अंशांत वळतो. त्याचा थोरला भाऊ बी-बॉटही एवढं करतोच. ब्लू-बॉटला ब्लूटूथ आहे, म्हणून तो टॅबवरच्या अ‍ॅपमधूनही चालतो. जादा पैसे मोजायचे ते यासाठीच.

ते वाया जात नाहीत. बटणं दाबून दिलेल्या आज्ञा कुठेच दिसत नाहीत. रोबो चटईवरच्या भलत्या घरात गेला की पाच वर्षांचं मूल सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करतं. चूक शोधायला त्याच्यापुढे काही नसतंच. अ‍ॅपमध्ये बाणांची रांग पडद्यावर राहते, त्यातला चुकलेला तेवढा बाण बदलता येतो.

रोबोखाली अंथरायची ही चौकोनांची चटई मात्र विकत घेऊ नका. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकातून 22 × 28 इंची कार्डशीट आणा. पट्टीने 15 सेंमीच्या चौकोनांचे तीन रकाने आणि चार ओळी आखा. 45 × 60 सेंमीचा हा नकाशा शीटवर आरामात बसतो. उत्तर वर ठेवा. उजवा रकाना शिवाजी रस्ता, डावा बाजीराव रस्ता. उजवीकडे सगळ्यात वर शनिवारवाडा, त्याखाली दगडूशेठ, तळाशी मंडई. दोन्ही रस्ते एकेरी, तेव्हा ‘मागे’ बटणाला बंदी! (मोठ्यांनी पाळला नाही तरी रोबोने नियम पाळावा.)

रोबो शनिवारवाड्यावर ठेवा, तोंड दक्षिणेला. पुढे तीनदा, उजवीकडे, पुढे दोनदा, उजवीकडे. सात आज्ञांत तो मंडईवरून बाजीराव रस्त्याला लागतो, तोंड उत्तरेला. त्याच सात पुन्हा दिल्या की फेरी पुरी होऊन तो मूळ जागी, मूळ दिशेला. बटणांवर हे चौदा वेळा दाबणं. अ‍ॅपमध्ये सात बाण आणि ‘दोनदा करा’. लूप, म्हणजे त्याच आज्ञा पुन्हा करवणं, कशाला हवा, हे आधी बटणं दाबून कंटाळलेल्या मुलाला समजवावं लागत नाही.

अडतं ते ठरावीक ठिकाणी. ‘उजवीकडे’ दाबलं की रोबो उजव्या घरात जाईल असं मुलांना वाटतं. तो फक्त वळतो. रोबोचं तोंड मुलाकडे असलं की डावं-उजवं उलटतं, अशा वेळी मुलाला रोबोच्या पाठीमागे उभं करा. फुली न दाबता नवे बाण दिले तर ते जुन्यांच्या मागे जोडले जातात आणि रोबो आधी जुनीच फेरी मारतो. शीटच्या चारही कडा टेपने चिकटवा. फ्लेक्सवर छापून घ्यायचा मोह होईल, पुण्यात फ्लेक्सला काय तोटा! पण गुंडाळलेल्या फ्लेक्सच्या कडा उचललेल्या राहतात आणि तिथे चाक अडून रोबो तिरका होतो. सतरंजीवरही तीच गत.

तीन-चार मुलांच्या गटासाठी, बालवाडीत, एक ब्लू-बॉट घ्यायला हरकत नाही. घरी एकच मूल असेल तर माझ्या मते नको. बाण काढलेली चौदा कार्डं रांगेत मांडा, एकाने रोबो व्हायचं, दुसऱ्याने कार्डं वाचायची. 60 सेंमीच्या फरशा असतील तर एक फरशी म्हणजे एक पाऊल. आज्ञा डोळ्यांपुढे राहतात, ब्लूटूथ लागत नाही.

त्यानंतर टॅबवर स्क्रॅचज्युनिअर घ्या. पाच ते सात वर्षांसाठीचं हे अ‍ॅप फुकट आहे आणि त्यातले आज्ञांचे ठोकळे चित्रांचे, त्यामुळे वाचता येण्याची अट नाही. फक्त एक गोम आहे. तिथे उजवा बाण म्हणजे पडद्याची उजवी बाजू, पात्राचं तोंड कुठेही असो. वळणाच्या ठोकळ्यातला 1 म्हणजे 30 अंश. काटकोनासाठी 3 लिहावे लागतात. रोबोवरून थेट याकडे आलेलं मूल इथे हमखास गोंधळतं. म्हणून पहिल्या खेपेला वळणाचे ठोकळे टाळा आणि तीच फेरी खाली, डावीकडे, वर, उजवीकडे अशा चार बाणांनी करायला लावा.