जुन्या स्विफ्टला 16 इंची अलॉय: एक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा काढल्यानंतर

गाडी 2008 ची स्विफ्ट, 1.3 पेट्रोल, व्हीएक्सआय. मूळची चाकं 14 इंची लोखंडी डिस्क, त्यावर 165/80 चे टायर, म्हणजे 165 मिलिमीटर रुंद आणि भिंतीची उंची रुंदीच्या 80 टक्के. मे 2005 मध्ये ही स्विफ्ट बाजारात आली तेव्हापासून मला तिचा आकार फार आवडतो. मागच्या चाकावरचे ते फुगीर खांदे बघितले की त्याखाली भरीव चाक हवं असं वाटायचंच. इंजिन अजून ठणठणीत आहे, गाडी विकायची नाही, म्हणून या वर्षी मनासारखे अलॉय बसवले: 16 इंची, साडेसहा इंच रुंद, ईटी 40 (ईटी म्हणजे ऑफसेट: रिमची हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे; तो कमी तितकं चाक बाहेर येतं), टायर 195/55 आर 16.

हा टायर का, ते आधी सांगतो. 165/80 आर 14 ची पूर्ण उंची भरते जवळपास 620 मिलिमीटर आणि 195/55 आर 16 ची 621. फरक नगण्य, त्यामुळे स्पीडोमीटर पूर्वीसारखाच चालतो आणि गिअरिंगही बदलत नाही. शिवाय बलेनोच्या वरच्या मॉडेलला हेच माप येतं, म्हणजे गावातल्या टायरवाल्याकडेही मिळण्याची शक्यता चांगली. 195/50 घेतला असता तर उंची 601 वर आली असती, गाडी खाली बसली असती आणि मीटरने खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवला असता.

रुंदी सोडली तर मोठा बदल एकच, टायरची भिंत. ती 132 मिलिमीटर होती, आता 107 आहे. मोठ्या अलॉयचे बहुतेक फायदे-तोटे या 25 मिलिमीटरमधून येतात, आणि खरेदी करताना मात्र सगळी चर्चा डिझाइन आणि रंगावर होते.

अलॉय पुण्याच्या नाना पेठेतून घेतले. तिथे डोळे दिपतात, पण रिम पालथी करून आतली बाजू वाचायचीच. आयएसआयची खूण, आयएस 16192 हा क्रमांक, एका चाकाची भारक्षमता आणि ऑफसेट हे सगळं तिथे ओतलेलं किंवा कोरलेलं असतं. नसेल तर रिम कितीही सुंदर असो, खाली ठेवा. मला आधी दाखवलेला सेट 7 इंच रुंद आणि कमी ईटीचा होता. दिसायला जबरदस्त, पण चाक फेंडरच्या बाहेर डोकावणार, चिखल दारांवर उडणार आणि व्हील बेअरिंगवर जास्त ताण येणार. इतक्या वर्षांच्या गाडीच्या बेअरिंगवर मी तो भार टाकणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि दुकानात क्वचितच कुणी आपणहून सांगतं ते. स्विफ्टचा पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांचं वर्तुळ, 4 बाय 100 (चार नट, 100 मिलिमीटर व्यास), तो बाजारातल्या कितीतरी रिमला जुळतो. पण हबचा, म्हणजे गाडीच्या ज्या मधल्या गोल भागावर चाक बसतं त्याचा, व्यास 54.1 मिलिमीटर, आणि बाहेरच्या रिमचं मधलं भोक बहुधा 67 किंवा 73 चं असतं, म्हणजे बऱ्याच गाड्यांना चालावं इतकं मोठं. मधे जी पोकळी उरते तिथे हब रिंग बसवावी लागते. ती नसेल तर चाक फक्त नटांच्या आधाराने मध्यावर येतं, आणि केसभर जरी सरकलं तरी 80-90 च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं. मग लोक बॅलन्सिंगवर बॅलन्सिंग करत बसतात. माझ्या रिमचं भोक 73.1 चं आहे. ॲल्युमिनियमच्या रिंगा वेगळ्या मागवल्या, त्या हातात येईपर्यंत चाकं चढवू दिली नाहीत. एक्स्प्रेसवेवर शंभरला स्टेअरिंग अगदी शांत असतं.

नटांचंही तसंच. सुझुकीच्या नटाचा आटा 12 बाय 1.25 चा (12 मिलिमीटर व्यास, दोन आट्यांत 1.25 मिलिमीटर अंतर), होंडा, टोयोटा, ह्युंदाईचा 12 बाय 1.5 चा. डोळ्यांना दोन्ही नट सारखेच दिसतात. चुकीचा नट दोन-तीन फेरे बसतोही, पुढे न्यूमॅटिक गनने रेटला की स्टडचे आटे गेले. म्हणून प्रत्येक नट आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवून बघायचा आणि मग टॉर्क रेंचने घट्ट करायचा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासायचा.

चाकांआधी खालची दुरुस्ती करून घेतली: लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, पुढच्या शॉकॲब्जॉर्बरचे माउंटिंग. उंच भिंतीचा टायर ढिलं सस्पेन्शन लपवतो, बुटका टायर तेच उघडं पाडतो. जुन्या गाडीवर हा खर्च टाळून अलॉय चढवले तर पहिल्याच दिवसापासून खडखडाट ऐकू येईल आणि दोष अलॉयला लागेल.

चालवायला गाडी बदलली आहे, आणि मला ती फार आवडते आहे. ताम्हिणीत वळणाला आत घातली की पूर्वी क्षणभर टायर वाकायचा आणि मग गाडी वळायची, आता स्टेअरिंगबरोबरच नाक वळतं. ब्रेकिंगलाही पकड जास्त जाणवते. पार्किंग करताना स्टेअरिंग किंचित जड लागतं, रस्त्यावर लांबट चर असतील तर गाडी त्या बाजूला हलकीशी ओढते. पाणी साचलेल्या रस्त्यावर मात्र रुंद टायर अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो. पावसाळ्यात हायवेवर मी वेग पूर्वीपेक्षा कमी ठेवला आणि तसाच ठेवणार.

खड्ड्यांचं काय, हे सगळे विचारतात. कात्रज-कोंढवा रस्ता मी पावसाळाभर केला. छोटे खड्डे आणि सिमेंटचे जोड आता पाठीला कळतात, रंबलरच्या पट्ट्यांवर तर नक्कीच. टायरमध्ये हवा 33 पीएसआय ठेवतो. मऊपणासाठी 28-29 वर आणली तर आराम वाटतो, पण खड्ड्याची धार थेट रिमच्या कडेवर येते. सगळे खड्डे खाऊनही चारही रिम अजून सरळ आहेत, बॅलन्सिंग मशीनवर फिरवून खात्री केली. माझ्या मावसभावाने याच मॉडेलच्या गाडीला 17 इंची लावलेत, 205/45 चे टायर, भिंत जेमतेम 92 मिलिमीटर. त्याच्या दोन रिमच्या आतल्या कडा याच पावसाळ्यात वाकल्या आणि एका टायरच्या भिंतीला फुगा आला. आणखी एक गोष्ट: त्या मापाच्या साध्या टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती भार पेलतो त्याचा आकडा, 84 असतो, म्हणजे 500 किलो. मूळ 165/80 चा 85, म्हणजे 515. मोठं चाक लावून गाडीची भारक्षमता खाली येते. 17 घ्यायचेच असतील तर एक्सएल (जास्त भाराचा) लिहिलेला, 88 चा टायर मागा. माझ्या 195/55 चा 87 आहे, 545 किलो. पण मला विचाराल तर या गाडीला 16 च्या पुढे जाऊ नका. वाकलेली कड सरळ करता येते, तडा गेलेला अलॉय वेल्डिंग करून पुन्हा गाडीला लावणं जिवाशी खेळ आहे.

वजनाकडे दुर्लक्ष करू नका. घरच्या काट्यावर जुनं चाक टायरसकट साडेतेरा किलो भरलं, नवं साडेसोळा. अलॉय म्हणजे हलका, हे त्याच मापाच्या लोखंडी चाकाशी तुलना केली तर. दोन इंच मोठा घेतला की हिशेब उलटतो. शहरात दुसऱ्या गिअरमधून उचलताना गाडी किंचित आळशी वाटते आणि ॲव्हरेज लिटरमागे सुमारे एक किलोमीटरने उतरलं. पाच माणसं आणि डिकीत सामान भरून खंबाटकी चढलो, मागे कुठेही टायर घासला नाही. पुढे स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर आतलं प्लॅस्टिक हलकंसं घासायचं, त्याची एक क्लिप मागे सरकवल्यावर थांबलं.

विमा कंपनीला कळवून अलॉयची पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून नोंद करून घेतली, हप्ता थोडा वाढला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेतल्या फेरफाराबद्दल आहे, म्हणून चाक फेंडरच्या आत आणि उंची मूळचीच, हे मी आधीपासून धरून चाललो होतो.

स्टेपनी अजून 14 इंची लोखंडीच आहे. उंची जवळपास सारखी असल्याने पंक्चरवाल्यापर्यंत जायला ती चालते, सावकाश. अलॉयचे नट बारीक, खाचांचे आहेत आणि साध्या पान्याने उघडत नाहीत. त्यांची खास किल्ली आणि लोखंडी डिस्कचे चार मूळ नट एका पिशवीत घालून जॅकशेजारी ठेवले आहेत. दुसरी किल्ली घरी आहे. तुमच्या सेटबरोबर एकच मिळत असेल तर बिल देण्याआधी दुसरी मागून घ्या.