लेक्चर फोनवर रेकॉर्ड करावं की वहीत लिहावं?

वर्गात लक्ष टिकत नाही म्हणून बरेच जण फोनचा रेकॉर्डर लावतात. मी अर्थशास्त्राला असताना पणजीत दोन्ही करून पाहिलं. तुम्ही आत्ता ठरवत असाल तर माझा अनुभव हा असा.

रेकॉर्डरची बाजू आधी, कारण ती खरंच भक्कम आहे. बोलणारा माणूस मिनिटाला सहज सव्वाशे-दीडशे शब्द बोलतो. हात वीस-पंचवीसपाशी थकतो. म्हणजे वहीत बरंच काही सुटणारच, रेकॉर्डरमध्ये काही सुटत नाही. जागेचं कारण सांगण्यातही अर्थ नाही, १२८ केबीपीएसला तासाभराची फाईल जेमतेम ५८ एमबी होते. वालपई किंवा काणकोणहून कदंबा बसने येणाऱ्याला तर दीडपट गतीने तासाचं लेक्चर चाळीस मिनिटांत, घरी पोचण्याआधीच ऐकून होतं. ज्यांना भरभर लिहिणंच जड जातं, त्यांना वहीचा आग्रह मी करणार नाही.

वहीचा त्रासही कमी नाही. जुलैत पानं अशी दमट होतात की जेल पेनची शाई पसरते आणि मागच्या पानावर उमटते. वर पंखा फुल्ल, तो पानं उलटत बसतो. साधं बॉलपेन आणि वहीवर कोपर, एवढ्यावर माझं भागलं.

हाताने लिहिलं की डोक्यात राहतं, असं ठासून सांगणारे २०१४च्या म्यूलर आणि ओपनहायमर यांच्या प्रयोगाचं नाव घेतात. तो प्रयोग लॅपटॉप विरुद्ध हात असा होता, रेकॉर्डरचा त्यात संबंध नव्हता. २०१९मध्ये इतरांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा फरक तितका ठळक दिसलाही नाही. त्यामुळे मी त्यावर भिस्त ठेवत नाही.

माझं पारडं झुकलं ते वेगळ्याच कटकटीने. आमचे एक सर इंग्रजीत शिकवायचे, पण वर्गाचे चेहरे कोरे दिसले की कोकणीत शिरायचे. पर्यायी वस्तू शिकवताना इंग्रजी व्याख्या फळ्यावर लिहून झाली, कुणाला काही कळलं नाही. मग खडू खाली ठेवून ते म्हणाले, ‘बांगडे म्हारग जाले जाल्यार तुमी तारले घेतात न्हय?’ म्हणजे बांगडे महागले तर तुम्ही तारल्या घेता ना? झालं, सगळा वर्ग जागा! एका वस्तूचा भाव चढला की दुसरीची मागणी का वाढते, हे मला तिथे कळलं. घरी येऊन ते रेकॉर्डिंग ॲपला दिलं आणि मजकूर काढला. व्याख्या अगदी शुद्ध आली होती, पुस्तकात होती तशीच. बांगड्यांच्या जागी मात्र ‘बँक डे मार्क’ असलं काहीतरी. तुमच्या ॲपला कोकणी कळत असेल तर माझी ही तक्रार तुम्हाला लागू नाही. पण एकाच वाक्यात इंग्रजी, कोकणी आणि मध्येच मराठी, त्यावर पत्र्यावरचा पाऊस, एवढं सांभाळणारं ॲप माझ्या हाती तरी लागलं नाही. मग मजकूर सोडून मूळ आवाजात तो तुकडा शोधायचा. वही चाळता येते. आवाज चाळता येत नाही, पुढे-मागे ओढत बसावं लागतं. आयएसएच्या, म्हणजे सत्रामधल्या चाचणीच्या, आदल्या रात्री हे करून पाहा.

दुसरी गोष्ट जरा खाजगी. रेकॉर्डर चालू असला की माझं मन सरळ रजेवर जायचं. घरी ऐकूच की! लिहिताना मात्र हात मागे पडतो, म्हणून काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे दर वाक्याला ठरवावं लागतं, आणि तेवढं ठरवायला ऐकावंच लागतं. कदाचित तुमचं मन माझ्यापेक्षा शिस्तीचं असेल.

वही घेणार असाल तर कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांची मांडणी वापरून बघा: डावीकडे अडीच इंचांची पट्टी, उजवीकडे लेक्चर, खाली दोन इंच सारांशाला. मी सारांश क्वचितच लिहिला. डावी पट्टी मात्र कामाची ठरली, कारण व्याख्या उजवीकडे आणि सरांची कोकणी उदाहरणं डावीकडे, अशी माझी वाटणी होती. परीक्षेआधी मी पट्टीच वाचायचो.

आणि रेकॉर्डरच हवा असेल तर आधी सरांना विचारा. आमचे सर नाही म्हणाले नाहीत. फक्त टेबलावर फोन दिसला की तासभर इंग्रजीतच बोलायचे.